शांतीच्या चिठ्ठीत नसलेलं नाव

वेर्खनी झातोनमध्ये एकच चर्च उघडं होतं. तेही युद्धाच्या तिसऱ्या वर्षी, सरकारला देवाची गरज पडली म्हणून उघडू दिलेलं. दाराशी मेणबत्त्या घेऊन मानेफा बसायची. दर रविवारी बायका तिच्यापुढे दोन तऱ्हेच्या चिठ्ठ्या ठेवत. एकीवर जिवंत माणसांची नावं, त्यांना आरोग्य लाभावं म्हणून. दुसरीवर मेलेल्यांची, त्यांना शांती मिळावी म्हणून. पाद्रीबाबा आधी आरोग्याचा गठ्ठा वाचत, मग शांतीचा. आणि गेली पाच वर्षं एकाच घरातून एकच नाव दोन्ही गठ्ठ्यांत येत होतं: झाखार.

आईच्या लेखी झाखार जिवंत होता, बायकोच्या लेखी मेलेला. मानेफा चारचौघींत म्हणायची, "तुमच्या झाखारला देवानं बसवायचं तरी कुठं? एक पाय इकडं, एक पाय तिकडं. अवघडला असेल बिचारा!" बायका फिदीफिदी हसत. ग्लाफिरा, म्हणजे झाखारची बायको, मान खाली घालून मेणबत्ती लावायची. सासू येवलाम्पिया मात्र ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. ती म्हणायची, "तुझी जीभ जिवंतांत घालावी की मेलेल्यांत, ते आधी ठरव, मानेफा."

ग्लाफिरा काही दगडाच्या काळजाची नव्हती. त्रेचाळीसच्या शरदात कागद आला, त्यावर शिक्का होता, 'शौर्याने लढताना मृत्यू' असं छापलेलं होतं आणि मधल्या मोकळ्या जागेत हाताने तिच्या नवऱ्याचं नाव लिहिलेलं होतं. ती रडली, चाळिसाव्या दिवशी तिने शेजारपाजाऱ्यांना जेवू घातलं, आणि दोरखंडाच्या कारखान्यात ताग पिळायला परत गेली. सासूने कागद हातात घेतला, चाचपला आणि परत दिला. तिच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता, उजेड आणि अंधार एवढंच तिला कळायचं. "कागद काय, लिहिणारा सांगेल ते सांगतो," ती म्हणाली. तो विषय दोघींत पुन्हा कधी निघाला नाही. एका भांड्यातलं सार जेवायच्या, आणि रविवारी एकमेकींचा दंड धरून आपापली चिठ्ठी घेऊन चर्चला जायच्या. भांडणाऱ्या घरांपेक्षा अशा घरांची मला जास्त भीती वाटते.

अठ्ठेचाळीसच्या ऑगस्टमध्ये गुप्त पोलिसांनी ग्लाफिराला कामावरून उठवून नेलं. कॅप्टन झाब्रोदिनच्या खोलीत खिडकी बंद होती आणि माश्या घोंगावत होत्या. भिंतीशी स्टुलावर एक माणूस बसला होता. हाडांचा सापळा, डोक्यावर केस नाहीत, टोपी गुडघ्यावर. उजव्या पायाचा चवडा आत वळवून बसला होता.

तो चवडा पाहिला आणि ग्लाफिराला कळलं. पाच वर्षं जिच्या शांतीसाठी तिने मेणबत्त्या लावल्या, ती कुडी इथे बसून माश्या हाकलत होती. तिला आधी इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं. लगेच तिने कॅप्टनकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"बसा, बाई," झाब्रोदिन म्हणाला. माणूस आडदांड नव्हता, आवाज तर मऊच. "मी काही लपवून ठेवत नाही. याच्याजवळ सैनिकाची पुस्तिका आहे. फ्योदर लुझगिन, गाव कामेन्नी ब्रोद. या पुस्तिकेत फोटो नसतो, तुम्हाला ठाऊकच आहे. पण नदीच्या धक्क्यावरचा एक जण म्हणतो की हा तुमचा झाखार. तसं असेल तर तो लढताना मेला नाही. शत्रूच्या हाती जिवंत लागला, परत आल्यावर दुसऱ्याच्या नावाखाली लपला. त्याला पंचवीस वर्षं. लुझगिन असेल तर आजच मोकळा. सांगा, कोण आहे हा?"

"मी या बाईंना ओळखत नाही," स्टुलावरचा माणूस म्हणाला. आवाज घोगरा झाला होता, पण त्याचाच होता.

"तुला विचारलं नाही."

ग्लाफिराने हात मांडीवर ठेवले. "माझा नवरा मेला, साहेब. घरी कागद आहे. पाच वर्षं मी त्याचं नाव शांतीच्या चिठ्ठीत घालते, कुणालाही विचारा."

"विचारलंय," झाब्रोदिन म्हणाला, आणि त्याने टेबलाच्या खणातून दोन चिठ्ठ्या काढल्या. गेल्या रविवारच्या. म्हणजे मानेफाची जीभ नुसती लोकांना हसवायला नव्हती. "एकच घर, एकच नाव, दोन गठ्ठे. तुम्ही म्हणता मेला, म्हातारी म्हणते जिवंत. मी कुणाचं खरं धरू? उद्या दहा वाजता तिला घेऊन या."

घरी आल्यावर ग्लाफिरा बटाटे सोलायला बसली. सांगावं की न सांगावं याचा विचार करत तिने चार बटाटे सोलले आणि पाचव्याला सांगून टाकलं. न सांगता म्हातारीला नेलं असतं तर तिने पोराचा आवाज ऐकताच गळ्यात पडून हंबरडा फोडला असता.

येवलाम्पियाने चाचपडत सालं एका बाजूला लोटली. मग तिने विचारलं, "वाळलाय?"

"वाळलाय."

"दात?"

"थोडे आहेत."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, माझा नव्हे."

म्हातारीचा हात उठला. ग्लाफिराने गाल पुढे केला, तिला वाटलं आता थप्पड बसते. पण तो हात चाचपडत तिच्या डोक्यावर आला आणि तिथेच राहिला. "चांगलं केलंस, पोरी," ती म्हणाली. "आता मला सारखं सांगत राहा. वाळलाय, केस नाहीत, आवाज बसलाय. दहादा सांग. माझं काळीज अचानक दचकायला नको."

दुसऱ्या दिवशी झाब्रोदिनने म्हातारीला त्या माणसाच्या अगदी समोर बसवलं, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं. "हात लावून बघा, आजीबाई. डोळे नसले तरी आईला हात असतात."

येवलाम्पियाने हात लावला. कपाळ, भुवई, कानामागचा लहानपणीचा व्रण. बोटं व्रणावर आली, पण तिथे थांबली नाहीत. पुढे सरकली, खांद्यावर आली.

"आता बोल," झाब्रोदिन त्या माणसाला म्हणाला. "आई म्हण."

"मी कशाला म्हणू? माझी आई—"

"म्हण."

"आई," तो म्हणाला.

येवलाम्पियाचा चेहरा कणभरही हलला नाही. आपल्या पोराने सहा वर्षांनी मारलेली हाक ऐकून बसून राहिलेली दुसरी बाई माझ्या ऐकण्यात नाही, आणि ऐकायची इच्छाही नाही. "साहेब," ती म्हणाली, "हा शब्द सगळ्यांच्याच पोरांच्या तोंडी सारखा लागतो. माझा असा नव्हता. माझा जाडजूड होता." मग त्या माणसाच्या खांद्यावर थोपटत म्हणाली, "जा बाळा, घरी जा. तुझी आई वाट बघत असेल."

झाब्रोदिनने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. त्याला पटलं होतं असं मला वाटत नाही, पण आईने नाकारलेल्या मुलाचं तो काय करणार? "ठीक आहे," तो म्हणाला. "याला आमचा शिपाई कामेन्नी ब्रोदला त्याच्या आईकडे पोचवेल. तिनं ओळखलं तर प्रश्न मिटला. आणि आजीबाई, रविवारपासून नाव एकाच गठ्ठ्यात येऊ द्या. मेलेल्याला आरोग्य कशाला हवं?"

शिपाई दोन दिवसांनी परतला आणि विहिरीवर त्याने सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. कामेन्नी ब्रोदची म्हातारी दारात उभी राहिली, बघत राहिली, इतका वेळ की त्याला वाटलं आता नाही म्हणते. मग तिने त्या माणसाची बाही पकडली, फ्योदरच्या लाडक्या नावानं, "आलास, फेद्या," म्हणाली आणि सार गरम करायला आत गेली. विहिरीवरच्या बायकांनी डोळे पुसले. ग्लाफिरा बादली अर्धीच भरून घरी आली.

रविवारी तिने सासूची चिठ्ठी लिहिली. जिवंत माणसाचं नाव शांतीच्या चिठ्ठीत गेलं तर तो माणूस आतून वाळत जातो, अंथरूण धरतो, असं आमच्याकडे लहान पोरही सांगेल. कुणाचं वाईट करायचं असलं तर बायका गुपचूप तेच करतात. आणि इथे आईच करत होती, मानेफाच्या डोळ्यांसमोर. पाद्रीबाबांनी "झाखार" वाचलं, दोनदा, सुनेकडून आणि सासूकडून, तेव्हा येवलाम्पियाने ओठ इतके घट्ट मिटले की ते पांढरे पडले. तो आरोग्याच्या गठ्ठ्यात आता कुठेच नव्हता.

त्याच रविवारी तिने आणखी एक नाव ऐकलं. कामेन्नी ब्रोदला चर्च नाही, तिथल्या चिठ्ठ्या दूधवाली घेऊन येते. जिवंतांच्या गठ्ठ्यात पाद्रीबाबांनी वाचलं: फ्योदर.

परतताना म्हातारी वाटेत थांबली. "पोरी, तो फ्योदर कोण गं?"

"आपलाच की. त्याच नावावर—"

"आपला झाखार. बाप्तिस्म्याला मीच धरलं होतं ना त्याला. देव त्याला फ्योदर म्हणून कसा ओळखेल?" ती थोडा वेळ चालली. "मी विचारतेय, पुस्तिका कुणाची? जिवंत सैनिक आपली पुस्तिका कुणाला देतो का?"

ग्लाफिराने तिचा दंड घट्ट धरला आणि पाऊल उचललं. या प्रश्नाचं उत्तर ऑक्टोबरात स्वतःच घरी आलं.

दुपारच्या सुट्टीत ती कारखान्यातून आली. पडवीतल्या बाकावर, जिथे चिखलाचे बूट काढतात तिथे, एक सैनिक बसला होता. बावीस-तेवीस वर्षांचा. ओव्हरकोटातून पाणी गळत होतं, पण खालची फळी कोरडी होती. तो खोकत होता, छाती हलत होती आणि आवाज येत नव्हता. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, रांगेत शेवटी उभा असलेला माणूस खिडकीकडे बघतो तसं. ग्लाफिराने किंकाळी फोडली. बाक रिकामा झाला. ओल्या लोकरीचा वास तेवढा राहिला.

"सकाळी पण आला होता," आतून येवलाम्पिया म्हणाली. "मी विचारलं कोण, तर बोलला नाही. वास आला फक्त."

"आई, हा तो..."

"तोच. अजून कोण असणार? मेला तो, आणि त्याला मेलेल्यांत कुणी हाक मारत नाही. त्याची आई त्याला जिवंतांत घालते. मग जाणार कुठं? ज्यानं त्याचं नाव घेतलं, त्याच्या घरी आला."

तो रोज यायला लागला. भर दुपारी, लोक रस्त्याने जात असताना, शेजारणीची कोंबडी पडवीत दाणे टिपत असताना. काही मागायचा नाही, काही करायचा नाही. आधी बाकावर बसायचा, मग आतल्या दाराशी उभा राहू लागला. थंडी पडली तशी त्याच्या खांद्यावर दव गोठलेलं दिसायचं. ग्लाफिराचं कामात चित्त लागेना, तागाचे पीळ चुकू लागले. फोरमन म्हणाला, "ग्लाफिरा, या दोराला बांधलेलं जहाज सुटून तुर्कस्तानला जाईल!" ती हसली आणि भिंतीकडे तोंड करून रडली.

एका शनिवारी तिने चिठ्ठी लिहिली. झाखारच्या खाली, लहान अक्षरात: फ्योदर. येवलाम्पियाने पेन्सिलीचा आवाज ऐकला.

"वाच," ती म्हणाली. वाचल्यावर म्हणाली, "जाळ."

"आई, त्याचे हाल बघवत नाहीत. एकच नाव तर आहे."

"आपल्यात कुणी फ्योदर मेलाय? मानेफा वाचेल आणि संध्याकाळपर्यंत झाब्रोदिन दारात असेल. इकडं फ्योदर मेला, तिकडं फ्योदर लाकडं तोडतोय. जोडून बघायला त्याला किती वेळ लागणार? जाळ म्हटलं ना!"

ग्लाफिराने चिठ्ठी भट्टीत टाकली. दाराशी उभ्या असलेल्या पोराने ती जळताना पाहिली. त्या नजरेत राग असता तरी तिला बरं वाटलं असतं.

डिसेंबरात तिने ठरवलं. एका माणसाला हे सांगितलं पाहिजे आणि तो माणूस म्हणजे झाखार. त्याने त्या म्हातारीला खरं सांगावं, तिने आपल्या पोराला मेलेल्यांत घालावं, म्हणजे तो सुटेल. आणि म्हातारीने खरं ऐकून आरडाओरडा केला तर? पंचवीस वर्षं. हे सगळं ग्लाफिरा रात्रंदिवस घोळवत होती आणि तरीही सुट्टीच्या दिवशी ती दूधवालीच्या बर्फावरच्या घसरगाडीत बसली. विचारलं तर म्हणाली, हिवाळी बुटांसाठी लोकर घ्यायला चाललेय.

कामेन्नी ब्रोदला पोचली तेव्हा अजून बारा वाजायचे होते. लुझगिनांचं घर गावाच्या टोकाला होतं. मागच्या जंगलातून कुऱ्हाडीचे घाव ऐकू येत होते, दोन जोरात, एक हळू. झाखार असाच तोडायचा.

दार उस्तीन्या लुझगिनने उघडलं. लहानखुरी, चपळ म्हातारी, हातात लोकर कातायची चाती. "लोकर? आहे की थोडी. आत ये, पोरी, दार लाव, ऊब जाते." भट्टीवर दोरीला पुरुषाचा सदरा वाळत होता. कोपरावरचं ठिगळ बारीक, नेटक्या टाक्यांचं होतं. इतकं चांगलं ग्लाफिराला जमलं नसतं. दुसऱ्या बाईच्या हाताचं ठिगळ पाहून तिला मत्सर वाटला, म्हातारीचा, आणि त्याची तिला लाजही वाटली.

"माझा फेद्या लाकडं तोडतोय," उस्तीन्या म्हणाली. "कामाला वाघ आहे. लग्न कर म्हटलं तर ऐकत नाही. तू कुठली?"

"वेर्खनी झातोनची."

चाती थांबली. उस्तीन्याने तिच्याकडे नीट पाहिलं, आधी चेहऱ्याकडे, मग हातांकडे, तागाने सोलवटलेल्या बोटांकडे. "तो झोपेत दोरांविषयी बडबडतो," ती म्हणाली. "आणि कुणा ग्लाशाला हाका मारतो."

ग्लाफिराला ग्लाशा म्हणणारा एकटा झाखारच होता. ती उठू लागली.

"बस. मी काय तुला खाते?" उस्तीन्याने खिडकीचा पडदा ओढला. "एक विचारू? खरं सांग. माझा पोरगा तुमच्याकडं येतो का?"

बाहेर दोन घाव जोरात पडले, एक हळू.

"येतो," ग्लाफिरा म्हणाली.

उस्तीन्याने डोळे मिटून घेतले. "माझ्याकडं येत नाही. पहिल्या दिवशीच मी दार उघडं ठेवलं होतं. त्याच्या जागेवर दुसऱ्याला जेवू घालते ना, रुसला असेल. पण कुठंतरी जात असणारच, असं मनात यायचं. कसा दिसतो?"

"भिजलेला. खोकतो."

"छाती लहानपणापासूनच कच्ची. थंडीत बाहेर जाऊ देत नव्हते मी." तिने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने नाक पुसलं. "हा पण तेच सांगतो. रेल्वेच्या डब्यात गेला म्हणे, याच्या मांडीवर. पुस्तिका मरताना स्वतः दिली त्यानं."

"म्हणजे त्यानं तुम्हाला सांगितलं?"

"आत्ता महिन्यापूर्वी. रडत रडत. जसं काही मला नवीनच! अगं, मी आई आहे. दारात उभा राहिला तेव्हाच कळलं. शिपाई बाजूला, आणि हा असा माझ्याकडं बघतोय, कापायला काढलेलं वासरू बघतं तसं. मी म्हटलं, माझा गेला हे आता नक्की झालं. मग हा कशाला घालवू?"

ग्लाफिरा तिच्या पायाशी खाली बसली आणि गुडघ्यांवर डोकं टेकवून रडली. उस्तीन्याने तिला रडू दिलं. मग ग्लाफिरा म्हणाली, "मग त्याचं नाव शांतीच्या चिठ्ठीत घाला ना. दाराशी उभा असतो हो. आत येत नाही, जातही नाही."

"घातलं तर? आमच्या गावाच्या चिठ्ठ्या दूधवाली नेते, तिला सगळी नावं तोंडपाठ. फ्योदर मेला तर माझ्या घरात जेवतो तो कोण?" तिचा आवाज पहिल्यांदा कडक झाला. "नाही. मी आहे तोवर माझा पोरगा जिवंतांतच राहील. त्याला शांती मिळणार नाही, हे मला कळतं. मी त्याची आई आहे, त्याच्याशी मी हे करू शकते. तुझ्या माणसाशी नाही करू शकत."

कुऱ्हाडीचा आवाज थांबला. दूर बर्फावर पावलं कुरकुरली.

"जेवायला येतोय," उस्तीन्या म्हणाली. "थांबतेस?"

पडद्याच्या फटीतून ग्लाफिराला दोन गोष्टी दिसत होत्या. कुंपणापलीकडे दूधवाली घोड्याला पाणी पाजत इकडेच बघत होती. आणि जंगलाच्या कडेने एक माणूस येत होता, उजवा चवडा आत वळवून चालणारा. ग्लाफिरा इतका वेळ बघत राहिली की उस्तीन्याने तिच्या हातात लोकरीचं गाठोडं कोंबलं.

"लोकर मिळाली म्हणावं," ती म्हणाली. "आणि ऐक. पडवीत फार गारठा असतो. माझ्या पोराला आत घे. भट्टीजवळ बसव. सार केलंस की वाटीभर ठेव पुढं. खाणार नाही, पण छातीला वाफ लागू दे."

ग्लाफिरा पुढच्या दाराने बाहेर पडली. झाखार मागच्या दाराने आत आला. आतून त्याचा आवाज ऐकू आला, "आई, कोण आलं होतं?" आणि उस्तीन्याचा, "कुणी नाही रे, लोकरवाली." गाडीत दूधवाली गावभरच्या गप्पा मारत होती. ग्लाफिरा "हो का" आणि "अरे देवा" म्हणत होती.

घरी पोचली तेव्हा उजेड मावळत होता. तो मेलेला पोरगा पडवीत आतल्या दाराशी उभा होता, खांद्यावर बर्फाचा थर. ग्लाफिरा त्याच्या जवळून गेली आणि तिने दार सताड उघडलं. आतली ऊब बाहेर आली, कोबीचा वास आला.

"आत ये, फेद्या," ती म्हणाली. "तुझ्या आईनं सांगितलंय."

तो उंबरठ्यापाशी घुटमळला. मग सभ्य घरातली पोरं करतात तसे त्याने पाय झटकले. आत येवलाम्पिया भट्टीजवळच्या बाकावर बसली होती. तिने मान त्या बाजूला वळवली आणि सरकून जागा केली.